गिअरबॉक्स घरघरतो तेव्हा आत नेमकं काय फिरत असतं?

गाडीतून घरघर ऐकू आली की "गिअरबॉक्स गेला" असं म्हणून तो उतरवला जातो. पुष्कळदा खाली उतरल्यावर आतलं सगळं ठीक निघतं आणि दोष क्लच दाबला की त्यावर टेकणाऱ्या रिलीज बेअरिंगचा, चाकाच्या बेअरिंगचा किंवा नुसत्या कमी झालेल्या तेलाचा असतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न नीट सोडवायचा: आवाज येतो त्या क्षणी कोणकोणती वस्तू फिरते आहे? गिअरबॉक्समधली प्रत्येक वस्तू सदासर्वदा फिरत नसते. आवाज कधी सुरू होतो आणि कधी थांबतो हे जुळवून पाहिलं, तर न उघडताच दोष बऱ्यापैकी पकडता येतो.

इथे पुढच्या चाकांना ताकद देणारी लहान गाडी धरली आहे: ऑल्टो, वॅगन आर, स्विफ्ट यांच्या घराण्यातली, पाच गिअरची. बोलेरोसारख्या मागच्या चाकांच्या गाडीत मांडणी वेगळी असते, पण शोधायची पद्धत तीच.

या गिअरबॉक्समध्ये तीन मुख्य फिरत्या वस्तू आहेत. पहिली म्हणजे इनपुट शाफ्ट. तो क्लच प्लेटमध्ये घुसलेला असतो, त्यामुळे इंजिन चालू आणि पाय क्लचवर नाही, तर तो फिरतोच. गाडी उभी असली तरीही. दुसरा काउंटर शाफ्ट. तो चाकांशी बांधलेला, म्हणजे गाडी हलली तरच फिरतो. तिसरा डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा संच. त्याची मोठी रिंग काउंटर शाफ्टच्या टोकाच्या दात्यांवर फिरते आणि त्यातूनच दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत एक्सल, बाहेर निघतात. रिव्हर्स सोडून सगळे गिअर कायम एकमेकांत अडकलेले असतात. प्रत्येक जोडीतला एक गिअर शाफ्टला पक्का आणि दुसरा सुईसारख्या बारीक बेअरिंगवर मोकळा. तुम्ही गिअर टाकता तेव्हा दाते दात्यांत घुसत नाहीत. सरकणारी स्लीव्ह त्या मोकळ्या गिअरला शाफ्टशी बांधते. त्याआधी पितळी सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर दाबली जाऊन दोघांचा वेग सारखा करते.

एवढं डोळ्यांसमोर असलं की तपासणी सरळ आहे.

गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू, पाय क्लचवर नाही: घरघर येते. क्लच पूर्ण दाबला, दोन सेकंदांनी इनपुट शाफ्ट थांबला आणि आवाजही थांबला. मग संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट झालं, म्हणजे शांत होतं आणि क्लच दाबताच चर्र किंवा शीळ सुरू झाली, तर ते रिलीज बेअरिंग. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण उघडावा लागत नाही. हा फरक दोन दिवस वाचवतो. मात्र केबलच्या क्लचला पेडलवर सुरुवातीचा रिकामा खेळ, दोनेक सेंटिमीटर, राहिलेला आहे ना हे आधी पाहा. खेळच नसेल तर रिलीज बेअरिंग सतत टेकून फिरतं आणि आवाज दोन्ही स्थितीत येतो.

एक फसवा आवाज इथेच सांगून टाकतो. आयडलला घरघर नाही, तर डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड येते आणि ॲक्सिलरेटर जरासा दिला की जाते. ती बहुतेक वेळा बेअरिंगची नसते. इंजिनाचे झटके मोकळ्या गिअरच्या दात्यांना आदळवतात, आणि ते झटके गिळण्यासाठी क्लच प्लेटमध्ये असलेल्या स्प्रिंगा सैल झाल्या की ती खडखड वाढते. अशा आवाजासाठी उघडलेल्या गिअरबॉक्समध्ये बदलण्यासारखं काहीच सापडत नाही.

गाडी चालू असताना आवाज एकाच गिअरला येत असेल, बाकीच्यांना नाही, तर त्या जोडीचे दाते किंवा त्या गिअरचं सुई बेअरिंग. सगळ्या गिअरला येतो आणि वेगाबरोबर वाढतो, तर रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी ४०च्या आसपास गाडी न्यूट्रल करून पाहा. इंजिन बंद करू नका. ब्रेकची मदत जाते. आवाज तसाच राहिला, तर तो इंजिनाशी नाही, चाकांशी बांधलेल्या वस्तूंचा आहे: काउंटर शाफ्टचं बेअरिंग, डिफरन्शियलचं बेअरिंग किंवा चाकाचं बेअरिंग. चाकाचं वेगळं काढायची रीत सोपी आहे. चाक हवेत घ्या, एका हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग धरा, दुसऱ्याने चाक फिरवा. बेअरिंग खराब असेल तर खरखर कानाला ऐकू येण्याआधी त्या स्प्रिंगमधून बोटांना लागते. चालवताना डावीकडे-उजवीकडे वळल्यावर आवाज कमी-जास्त झाला, तरी संशय चाकावरच घ्या. वळताना टकटक वाजली तर ती ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटची. रिव्हर्सला येणारी कुईं मात्र दोष नाही. रिव्हर्सचे दाते बहुधा सरळ कापलेले असतात आणि ते तसेच वाजतात.

आता तेल. हाच खरा पंचनामा. गाडी सपाट जागेवर, तेल कोमट असताना, आधी वरचा भरायचा प्लग सोडवून पाहा आणि मगच खालचा. हा क्रम पाळाच. खालून तेल सोडलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकते. वरचा प्लग काढल्यावर तेल भोकाच्या काठाशी दिसायला हवं. करंगळी घालून आत वाकवावी लागत असेल तर तेल कमी आहे, आणि ते कुठून गेलं हे शोधणं हा दुरुस्तीचाच भाग. बहुतेकदा ड्राइव्ह शाफ्टच्या ऑइल सीलपाशी ओल असते. ती गळती न थांबवता नवं बेअरिंग घातलं तर तेही त्याच वाटेने जाईल.

निघालेलं तेल पांढऱ्या थाळीत घ्या आणि उन्हात तिरपं धरा. सोनेरी झाक पितळेची, म्हणजे सिंक्रो रिंगची. थोडी असेल तर वयाची खूण. प्लगच्या चुंबकावर काळा मऊ लगदा हेही नेहमीचं. पण त्या लगद्यातून बोट फिरवताना कणी लागली, नखाच्या टोकाएवढ्या चकचकीत पापुद्र्या निघाल्या, तर बेअरिंगचा पृष्ठभाग सुटू लागला आहे. कडा असलेला तुकडा मिळाला तर दाता तुटला आहे आणि गाडी आता चालवायची नाही. तेल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी शिरलंय. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार होतं. गिअरबॉक्सच्या डोक्यावर श्वासनळी असते. तापलेला गिअरबॉक्स तुंबलेल्या पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि त्या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता. तशा दिवशी बुडालेल्या गाडीचं फक्त इंजिन ऑइल बदलून भागत नाही. पाणी आत राहिलं तर बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात आणि काही महिन्यांनी घरघर सुरू होते.

तेल नुसतं कमी असेल, चुंबक स्वच्छ असेल, तर आधी योग्य तेल भरून शंभरेक किलोमीटर चालवून पाहा. ग्रेड गाडीच्या पुस्तिकेतलीच घ्या; या गाड्यांना बहुधा ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं लागतं. "जीएल-५ म्हणजे वरचा दर्जा" असं दुकानात सांगतात, ते इथे ऐकू नका. त्यात दाब सोसण्यासाठी गंधकाची रसायनं जास्त असतात. ती डिफरन्शियलच्या काही प्रकारांना हवीत, पण पितळी रिंगला त्यांतली काही खातात, आणि तेल जास्त निसरडं असल्याने रिंगची पकडही कमी होते.

उतरवायचं ठरलंच, तर सर्वांत आधी जागा. पक्की, सपाट काँक्रीटची हवी. सोसायटीच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर जॅक स्टँडचा पाय खचतो. खाली १८ मिमी प्लायचा तुकडा ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक मिनिटही जायचं नाही. दोन स्टँड, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि स्टँडवर घेतल्यावर गाडी जोरात हलवून खात्री. काम दोन माणसांचं आहे. अशा गिअरबॉक्सचं वजन साधारण २५ ते ३५ किलो असतं, आणि पोटावर आडवं पडून ते एकट्याने तोलता येत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने शनिवार-रविवार पूर्ण धरावा.

वरून सुरुवात करा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मग बॅटरी आणि तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा. क्लच केबल, गिअरच्या केबल किंवा रॉड, रिव्हर्स लाइटचा कनेक्टर, स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर, अर्थची तार, स्टार्टर मोटर. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्या आणि बोल्ट वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, कारण बेलहाउसिंगचे, म्हणजे इंजिनाला जोडणाऱ्या तोंडाचे, बोल्ट एकाच लांबीचे नसतात. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर ॲल्युमिनियम फुटतं.

खाली: तेल काढलेलं आहेच. पुढची चाकं काढा, लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून (चाक धरणारा भाग) सोडवा, आणि नकल बाहेर ओढत ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या जॉइंटचा टोप मोठ्या लिव्हरने गिअरबॉक्सपासून उचकटा. आत टोकावर बारीक सर्क्लिप (तारेचं कडं) असते, ती झटक्याने सुटते. शाफ्ट हाताने ओढू नका. आतला जॉइंट रबरी बूटातच निसटतो आणि ते नवं काम होऊन बसतं. सुटलेला शाफ्ट लोंबकळत न ठेवता तारेने बांधा.

मग इंजिनाला आधार. वरून सपोर्ट बार किंवा साखळी उत्तम. ते नसेल तर सम्पखाली, म्हणजे इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली, जॅक आणि मध्ये रुंद लाकडी फळी, कारण सम्पचा पत्रा पातळ असतो. आधार दिल्यावरच गिअरबॉक्सकडचं माउंटिंग काढायचं. गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक लावा, बेलहाउसिंगचे बोल्ट काढा आणि गिअरबॉक्स सरळ रेषेत इंजिनापासून दूर सरकवा. तो जागा नेमकी धरणाऱ्या डॉवेल पिनांवर बसलेला असतो. तिथे अडला तर सांध्यात पाचर ठोकू नका; दोन्ही बाजूंनी थोडं-थोडं हलवून काढा. सर्वांत जास्त नुकसान होतं ते या क्षणी: बोल्ट निघालेले, इनपुट शाफ्ट अजून क्लच प्लेटमध्ये, आणि गिअरबॉक्स लटकू दिला. सगळं वजन शाफ्टवर येतं आणि क्लच प्लेट वाकते. मग नवं बेअरिंग घालूनही क्लच थरथरतो आणि कारण कळत नाही.

गिअरबॉक्स बाहेर आला की उघडण्याआधी इनपुट शाफ्ट दोन बोटांनी अगदी सावकाश फिरवा. चांगलं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं. खराब असेल तर ठरावीक जागी बारीक "कर्र" लागते, बोटांना वाळूसारखी. वर-खाली हलवल्यावर टक् असा ठोका लागत असेल तर शंकाच नको. रिलीज बेअरिंगही असंच तपासा, पण ते चांगलं वाटलं तरी बदला. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट अर्ध्याहून जास्त झिजली असेल तर तीही. पुन्हा एवढं सगळं उतरवण्याच्या मानाने तो खर्च लहान आहे. फ्लायव्हीलच्या मागे इंजिन ऑइलची ओल दिसली तर क्रँकचं मागचं सील आताच घाला.

उघडायचा क्रम असा. बाजूचं झाकण काढलं की पाचवा गिअर दिसतो. तो सगळ्यांच्या टोकाला एकटा असतो, म्हणून तेल कमी पडलं की आधी झळ त्याला लागते. काउंटर शाफ्टच्या टोकाचा नट सोडवताना शाफ्ट फिरू नये म्हणून एकाच वेळी दोन गिअर टाकून कुलूप करायचं. नटाची कडा खाचेत ठोकलेली असते, ती छन्नीने आधी सरळ करा आणि बसवताना नवा नट वापरा. पाचव्याच्या फोर्कची (स्लीव्ह सरकवणारा काटा) पिन, स्लीव्ह, गिअर निघाले की बेअरिंग धरणारी पट्टी, रिव्हर्स शाफ्टचा बोल्ट, आणि गिअर जागेवर धरणाऱ्या खिट्टीच्या स्प्रिंगांचे बोल्ट. या प्रत्येकाच्या आत स्प्रिंग आणि छर्र्याएवढी गोळी असते. खाली जुनी चादर अंथरा, नाहीतर गोळी गटारात गेलेली कळणारही नाही. आता केसचे बोल्ट काढून प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोके द्या. केस उचलल्यावर रिव्हर्सचा लहान गिअर काढा आणि दोन्ही शाफ्ट फोर्कसकट एकत्रच उचला; एकेकटा निघत नाही.

सगळं डिझेलने किंवा रॉकेलने धुवा. पेट्रोल नको, बंद पार्किंगमध्ये तर मुळीच नाही. धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने भिंगरीसारखं फिरवायचा मोह होतो. ते फुटून गोळ्या डोळ्यांत उडू शकतात. सिंक्रो रिंग तिच्या गिअरच्या कोनावर दाबून मधली फट फिलर गेजने मोजा. नवी असते तेव्हा ती १ मिमीच्या थोडी वर असते, ०.५ मिमीच्या खाली गेली तर रिंग बदला. प्रत्येक रिंग आपल्या गिअरशीच ठेवा, अदलाबदल नको. दात्यांवर खड्डे किंवा तुटलेला कोपरा दिसला तर तो गिअर आणि त्याचा जोडीदार दोन्ही एकदम बदलतात. एकच बदलला तर नव्या-जुन्या दात्यांची झीज जुळत नाही आणि नवीच कुईं सुरू होते.

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो टिपून घ्या. साध्या गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये शेवटच्या दोन आकड्यांना ५ने गुणलं की आतलं भोक मिळतं (०४पासून पुढे). ६२०५ म्हणजे भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. ६३०५चं भोक तेच, पण बाहेरून ६२ आणि जाडी १७. पुढची अक्षरंही महत्त्वाची: एन म्हणजे बाहेरच्या कड्यावर सर्क्लिपची खाच, सी३ म्हणजे आत नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक. सी३ सोडून घेतलेलं बेअरिंग बसतं, पण तापल्यावर आवळतं. नाव असलेल्या कंपनीचं आणि अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. नकली बेअरिंगं बाजारात सर्रास मिळतात.

शाफ्टवर बसवताना जोर फक्त आतल्या कड्यावर, केसमध्ये बसवताना फक्त बाहेरच्या कड्यावर. चुकीच्या कड्यावर ठोकलं तर गोळ्या धावेवर आदळून खाचा पाडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. शाफ्टचं काम जवळच्या लेथवाल्याकडे प्रेसवर करून घ्यावं. केसच्या बाबतीत उष्णता मदतीला येते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ५२ मिमीचं भोक ८० अंशांनी तापलं तर ०.१ मिमीच्या जवळपास मोठं होतं. हीट गनने केस एकसारखी तापवा, बेअरिंग आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. ते हाताच्या दाबानेच आत जातं.

निमुळत्या रोलरचं बेअरिंग बदलायचं असेल तर थांबा. त्याचा ताण खालच्या शिमवर, म्हणजे पातळ चकतीवर, ठरतो आणि तो हिशेब शतांश मिलिमीटरचा आहे. डायल गेज नसेल तर ते मोजमाप गिअरबॉक्सच्या जाणकार मिस्त्रीकडून करून घ्या. जास्त आवळलं तर बेअरिंग जळतं, सैल राहिलं तर गिअर एकमेकांपासून दूर ढकलले जातात.

दाते आणि दोन-तीन बेअरिंगं एकदम गेली असतील तर जुना गिअरबॉक्स घेणं परवडतं. मुंबईत कुर्ल्याला असे मिळतात. घेताना भरायच्या प्लगमधून बोट घाला, चकाकी बघा, शाफ्ट फिरवून बघा, आणि आपल्याच मॉडेलचा, त्याच इंजिनाचा आहे ना ते नक्की करा. बाहेरून सारखे दिसणाऱ्या गिअरबॉक्सचं शेवटचं गुणोत्तर वेगळं असू शकतं. मग गाडी ओढत नाही किंवा स्पीडोमीटर खोटं दाखवतं.

बंद करताना सांध्यावर जुना गोंद राहू देऊ नका. नव्या लिक्विड गॅस्केटची रेघ बारीक, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्तीचं आत पिळलं जाऊन तेलाच्या वाटेत अडकतं. प्रत्येक बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कवर, समोरासमोरच्या क्रमाने. मग टेबलावरच पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून, शाफ्ट फिरवून बघा.

क्लच प्लेट मध्यावर आणण्यासाठी जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर त्यासारखं हत्यार नाही. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या खाचांवर ग्रीस नखाएवढंच. जास्त लावलं तर ते उडून प्लेटवर जातं. गिअरबॉक्स चढवताना सांधा सगळीकडे सारखा मिटत आला पाहिजे. शेवटचं बोटभर अंतर राहिलं आणि तो जाईना, तर बोल्ट आवळून ओढू नका. गिअर टाकून ड्राइव्ह शाफ्टच्या दोन्ही भोकांतून डिफरन्शियल एकाच दिशेने जरा फिरवा. खाचा जुळल्या की तो स्वतःच सरकतो. तरीही अडला तर प्लेट मध्यावर नाही, पुन्हा उतरवून ती नीट करा.

ड्राइव्ह शाफ्टची सीलं नवी घाला, ओठांना थोडं ग्रीस लावा, आणि शाफ्ट दोन्ही हातांनी तोलून आत न्या. त्याचे दाते सीलच्या ओठाला घासले तर गळती त्याच संध्याकाळी सुरू होते. सर्क्लिप "टक्" करून बसते; जॉइंटचा टोप धरून ओढून खात्री करा. तेल वरच्या भोकातून, गाडी सपाट असताना, काठावरून थेंब ओघळेपर्यंत भरा. या गाड्यांत ते साधारण दोन लिटरच्या आसपास जातं. फारच कमी गेलं तर गाडी तिरपी आहे. जुनं तेल गटारात ओतू नका, गॅरेजमध्ये दिलं तर पुढे जातं.

चाचणी त्याच क्रमाने: उभी गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच दाबून-सोडून, मग एकेक गिअर, मग ताशी ४०ला न्यूट्रल. स्टँडवर चाकं लोंबकळत असताना गिअरमध्ये चालवून आवाज ठरवू नका. ड्राइव्ह शाफ्ट तिरपे असतात आणि त्यांचीच टकटक येते. ५०० किलोमीटरनंतर खालचा प्लग काढून चुंबक पुसा. नव्या बेअरिंगनंतर तिथे थोडा काळा लगदा असेल. बोटाला कणी लागता कामा नये.